तांदळातलं नाव

गडहिंग्लजच्या मोनाचं नाव ती हुपरीत नांदायला आली त्याच दिवशी गेलं. सासू म्हणाली, "मोना? मांजराचं नाव हाय व्हय?" मग ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं, अमरसिंहानं, अंगठीनं त्यात लिहिलं: संयोगिता. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.

तेव्हापासून ती घरच्या कारखान्यात चांदीच्या पैंजणांच्या कड्या झाळून जोडायला बसते. माहेर तेवढं सणावाराला. एकटीनं एसटीत बसायचं नाही.

कॉलेजात असताना दुर्बिणीतून घेतलेले आभाळाचे फोटो कॉम्प्युटरवर न्याहाळताना तिनं एक सरकता ठिपका हेरला होता. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह. त्याची सूर्याभोवतीची वाट पक्की व्हायला वर्षं गेली. यंदा लघुग्रहांची नावं मंजूर करणाऱ्या संस्थेचा निरोप आला: नाव सुचवा, आणि दोन ओळींत कारण लिहा.

शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव सुचवायचं नसतं. तिच्या मनात आईचं माहेरचं नाव होतं, चिमणा. तेही असंच तांदळात बदललेलं. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पण घरात ठरलं, वारलेल्या सासऱ्यांचं नाव द्यायचं. चौकात फ्लेक्सही लागला: 'आता आभाळातही गणपतराव!'

"अवो, आधी मंजूर तरी हुंदे," ती म्हणाली.

"शानपना नगं. मी सांगतो तसं लिही," अमरसिंह म्हणाला. "तीन टर्म सरपंच, तालुक्याचं राजकारण मुठीत. कायबी गाळायचं न्हाय."

राजकारणातल्या माणसाचं नाव तो जाऊन शंभर वर्षं झाल्याशिवाय घेत नाहीत, हा नियम तिला पाठ होता. सांगायला तोंड उघडलं तर सासू कडाडली, "मेलेल्याचं नाव मोठं हुतंय, तर हिच्या पोटात दुखाय लागलं!"

ती लिहायला बसली. सांगितलं तसं लिहिलं. एक टर्मही गाळली नाही.

नकार आला. फ्लेक्स गुपचूप उतरला. अमरसिंह आठवडाभर चौकात फिरकला नाही. "घाल जा कुनाचंबी!" तो खेकसला.

तिनं हात पुसले आणि लगेच लिहून पाठवलं.

चार-सहा महिन्यांनी मंजुरी आली. तिनं माहेरी फोन लावला.

"चिमणा," तिनं हाक मारली.

 पलीकडनं आई म्हणाली, "कुनाला म्हनलीस गं?"

"तुलाच, आये. आभाळात तुझं नाव लागलं."

"तितंबी मागनं बदलत्यात काय?"

"न्हाय. एकदा लागलं की लागलं."

"मग ये की. दोघी मिळून बघूया."

"नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाय त्ये."

"न्हाय तर न्हाय. तू कवा येतीस?"

मोना भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचा सण शोधू लागली. आतून सासू ओरडली, "संयोगिता! कड्या तशाच पडल्यात की गं!"

"आले, आले," म्हणत तिनं फोन ठेवला.