मागच्या खोलीतल्या बाईंचा हात

जनावरांच्या त्या दवाखान्यात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नसे. पुढच्या खोल्यांत लस टोचणारे, मोडका पाय बांधणारे, दात घासून देणारे डॉक्टर बसत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या बोटांना नको ते लागलं, की तो मान वर न करता म्हणे, "जरा मागच्या खोलीत दाखवून घ्या." एवढ्यावर माणसांचे चेहरे उतरत. कुत्र्यामांजरांचे मात्र नाहीत. मागची खोली म्हणजे नवे वास, म्हणून कुत्री तर दोरी ओढत, धन्याला फरफटवत पुढे.

त्या खोलीत रबरी चटई घातलेलं एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, औषधं मिसळायची काचेची बंद पेटी आणि बाई. पन्नाशी उलटलेल्या, केस एका क्लिपमध्ये कोंबलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि मग तोच शोधत बसलेल्या. दारावर त्यांचं नाव होतं, पदव्या होत्या. पण ते वाचायच्या मनःस्थितीत कुणी त्या दारापर्यंत पोचतच नसे. सगळ्यांसाठी त्या मागच्या खोलीतल्या बाई.

बाईंची तपासणी कधी सुरू झाली ते कळत नसे. आधी जनावराशी गप्पा. "काय म्हणता? कोण चावलं तुम्हाला? की तुम्हीच चावलात?" आणि बोलता बोलता दोन्ही तळवे जबड्याखाली, तिथून खांद्यांच्या पुढे, काखेत, जांघेत, मागच्या गुडघ्यांच्या खोबणीत. बघणाऱ्याला वाटे, लाड चाललेत. जनावरालाही तेच वाटे. बाईंना मात्र त्या बोटांचा हल्ली कंटाळा आला होता. कुठल्याही केसाळ अंगावर ठेवली की निघालीच आपली गाठी शोधायला. एकदा मैत्रिणीकडे चहाला गेल्या असताना तिच्या कुत्रीला कुरवाळलं आणि पोटाशी वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. चहा गार झाला. मैत्रीण रडली. पुढे कुत्री बरी झाली, पण मैत्रिणीने पुन्हा चहाला बोलावलं नाही.

तेव्हापासून बाईंनी एक नियम केला. दवाखान्याबाहेर हात उलटा. कुरवाळायचं ते बोटांच्या मागच्या बाजूने, नखांच्या बाजूने. त्या बाजूला काही कळत नाही.

"बोटांना सुट्टी," त्या सिस्टरला म्हणाल्या होत्या.

"बोटांना कशाला, तुम्हीच घ्या की," सिस्टर म्हणाली. सिस्टर म्हणजे जनावर धरून ठेवणारी, सुया लावून देणारी, रडणाऱ्यांना खुर्ची पुढे करणारी त्यांची मदतनीस. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. येणाऱ्या प्रत्येक बोक्याला आणि कुत्र्याला ती जावईबापू म्हणे. "या जावईबापू. टेबलावर चढा. नखरे आमच्या मुलीसमोर करायचे, इथे नाही."

त्या दिवशी शेवटची आली ती एक म्हातारी मांजर आणि तिच्याहून थोडी तरुण एक मावशी. मांजरीच्या जबड्यात गाठ होती. रिपोर्ट आले होते. बाईंनी तोंड उघडलं तशी मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाहेर बोलूया का?" त्या कुजबुजल्या. "हिला मी काही सांगितलेलं नाही."

बाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर भिंतीकडे बघायला लागली, कारण तिला हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं.

"अहो, तिला कसं कळेल?" बाई म्हणाल्या.

"पुढच्या डॉक्टरांनी नुसतं 'मागची खोली' म्हटलं तर रात्री जेवली नाही ती."

मग बाई उठल्या. सकाळपासून बसल्याने गुडघे कुरकुरले. बाहेर बाकावर मावशींशेजारी बसून त्यांनी हळू आवाजात, मांजरीला ऐकू जाणार नाही असं, सगळं सांगितलं. दुखणं कसं कमी ठेवायचं, खाणं पातळ कसं करायचं, थांबायची वेळ कशी ओळखायची. ही वाक्यं त्यांनी इतक्या जणांना सांगितली होती की तोंड ती बोलत असताना मन कपडे वाळत घातलेत की नाही याचा विचार करू शके. आजही केला. आणि नेहमीप्रमाणे स्वतःचीच शरम वाटली.

"तुमची असती तर काय केलं असतं डॉक्टर?" मावशींनी विचारलं. हे सगळेच विचारतात.

"माझ्याकडे मांजर नाही," बाई म्हणाल्या. हेच त्या सगळ्यांना सांगतात.

खोलीत परत आल्या तर फोन वाजत होता. वडील.

वडिलांची सगळी नोकरी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचण्यात गेली. म्हणजे सगळी नोकरी कुत्र्यांपासून पळण्यात गेली. पोटरीवर दातांच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेची गोष्ट त्यांना पाठ होती. मुलगी जनावरांची डॉक्टर व्हायला निघाली तेव्हा ते म्हणाले होते, "गेली. शत्रूला सामील झाली." आणि आई गेल्यावर ज्या महिन्यात घरात बोलायला कुणी उरलं नाही, त्याच महिन्यात एक तपकिरी, रुंद छातीचा कुत्रा जिन्यात येऊन बसला तो उठलाच नाही. आल्यागेल्याला हुंगून, पिशवी तपासून मगच वर सोडी. वडिलांनी त्याचं नाव ठेवलं हवालदार. "आयुष्यभर यांच्या हद्दीत चोरासारखा शिरलो," ते म्हणत. "शेवटी यानं पकडलंच."

"हवालदाराचा आवाज बसलाय गं," ते फोनवर म्हणाले. "भुंकतो ते खोकल्यासारखं. वाटीत अर्धं ठेवतो."

"वय झालंय त्याचं बाबा. हवाही बदललीय."

"तू येतेस का?"

"रविवारी येतेच आहे ना. आज मी इतकी दमलेय…"

"बरं," वडील म्हणाले. नुसतं बरं. त्यांच्या बोलण्यात 'बरं'नंतर नेहमी काहीतरी टोमणा असे. तो आला नाही.

सिस्टरने बाईंची पर्स त्यांच्या हातात दिली. "जा."

"रविवारी…"

"मावशींना बाहेर बाकावर बसून सांगितलंत ना, आवाज बदलला तर लगेच आणा म्हणून? मी ऐकलं. मांजरीनेही ऐकलं."

बाई गेल्या.

दार उघडलं तेव्हा हवालदार उठून आला, पण पिशवी तपासली नाही. नाक लावलं आणि तसाच पायाशी बसला. बाईंनी सवयीने हात पुढे केला आणि बोटांच्या मागच्या बाजूने त्याचं कपाळ, कान, गाल कुरवाळले.

वडिलांनी त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या मानाने घट्ट.

"हे काय?"

"काय बाबा?"

"हा हात. दर रविवारी बघतो मी. मला वाटायचं, तुम्हा लोकांची ही काही पद्धत असेल तपासायची." त्यांनी बाईंचा हात सरळ केला, तळवा खाली. "असा लाव."

जबड्याखाली दोन्ही बाजूंना अक्रोड. खांद्यांपुढे तसेच. बाईंची बोटं थांबली नाहीत. ती पुढे गेली, काखेत, जांघेत, मागच्या गुडघ्यांमागे. सगळीकडे. टणक, गोल, न दुखणारे. हवालदाराने डोळे मिटले होते. त्याला वाटलं, लाड.

वडील बघत होते. मुलीचा चेहरा त्यांना कुठल्याही मीटरपेक्षा स्पष्ट वाचता येत होता.

"पट्टा तंग व्हायला लागला होता," ते म्हणाले. "मी एक भोक सैल केला. म्हटलं, सुटलाय. नंतर आणखी एक केला. मलाही गळ्याशी काहीतरी लागत होतं गं. पण तू येत होतीस, हात फिरवत होतीस, काही बोलत नव्हतीस. म्हटलं, हिच्या हाताला लागत नाही म्हणजे काही नाही."

बाई खाली फरशीवर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत वडील त्या स्टुलावर बसले, ज्यावर सगळे बसतात.

"या काका," सिस्टर म्हणाली. आणि मग, "जावईबापू, तुम्हीसुद्धा?" पण आज तिच्या बोलण्यात ठसका नव्हता. तिने हवालदाराला कवेत घेतलं, बाईंनी गाठीत बारीक सुई घातली, काचेवर थेंब पसरला, रंगवला, आणि चष्मा वर सरकवून भिंगाला डोळा लावला. मोठ्या मोठ्या पेशी, सगळ्या एकसारख्या, एकीशेजारी एक दाटलेल्या. त्या गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. भिंगात बघत असताना कुणी बोलत नाही, हा त्या कामाचा एक फायदा आहे.

"बोल," वडील म्हणाले. "त्याच्यासमोरच बोल. हवालदार आहे तो, त्याला पंचनाम्याची सवय आहे."

"याला लिम्फोमा म्हणतात. या गाठींचा कॅन्सर. बरा होत नाही. इंजेक्शनं आणि गोळ्या दिल्या तर बहुतेक वेळा गाठी जातात. वर्षभर, कधी जास्त, कधी कमी, मजेत जगतो. माणसांना या औषधांचा होतो तेवढा त्रास यांना होत नाही. मग एक दिवस परत येतं."

"आणि काही केलं नाही तर?"

"महिना. फार तर दीड."

"हे सगळ्यांना सांगतेस तसंच सांगितलंस."

"हो."

"पाठ आहे."

"पाठ असल्याशिवाय तोंडातून निघत नाही बाबा."

वडिलांनी मान हलवली. मीटरचे आकडे वाचून दाखवताना तेही सुरात वाचत; लोकांचे चेहरे बघायचे नाहीत म्हणून. "आणि तुझा असता तर?"

"माझ्याकडे कुत्रा ना…" वाक्य सवयीने निघालं आणि मध्येच अडकलं.

सिस्टर खाकरली.

"शेजारच्या शहरात एक डॉक्टर आहेत," बाई घाईने म्हणाल्या. "चांगले आहेत. घरच्यांवर आपण उपचार करू नयेत, हात कापतो. मी चिठ्ठी देते. गाडीने…"

"मी तुला काय विचारलं?"

बाईंनी चष्मा शोधला. डोक्यावर होता. तो काढून टेबलावर ठेवला आणि मग एकदम, पाठ नसलेलं, बोलायला लागल्या.

"माझा असता तर मला राग आला असता. एवढी वर्षं लोकांच्या कुत्र्यांना हात लावते आणि घरात आल्यावर मला पाच मिनिटं, नुसती पाच मिनिटं, कुत्र्याला कुत्र्यासारखं कुरवाळायचं होतं. काही न शोधता. तेवढ्यासाठी हात उलटा केला आणि त्यातच हे निसटलं. आता औषधं चालू केली की मी दर आठवड्याला इथे आणि दर रविवारी तिथे, त्याच्या गळ्याला हात लावणार. गाठ आहे का, आली का. आणि ती परत येईल तेव्हा सगळ्यांत आधी मलाच कळेल. तुम्हाला सांगायच्या आधी, त्याला कळायच्या आधी. मला ते नकोय बाबा. दमलेय मी. म्हणून दुसऱ्याकडे जा म्हणतेय."

"जाईन," वडील म्हणाले. "तोही सरळ हात लावेल, चांगला असेल. पण त्याने सांगितलेलं मला पुन्हा तुला विचारावं लागेल, खरं का म्हणून. मग तू इथूनही सुटणार नाहीस आणि तिथूनही नाही." थोडं थांबून म्हणाले, "मीही भीत होतोच की कुत्र्यांना. रोज जायचो पण."

बाईंनी हवालदाराकडे पाहिलं. तो सिस्टरच्या दंडावर हनुवटी टेकून दाराकडे बघत होता. नजर ड्युटीवर, बाकी सगळा सुटीवर.

"तुम्हाला काय हवंय बाबा?"

"मला तो हवाय. जितका मिळेल तितका. त्याला त्रास व्हायला लागला की थांबव. पण तू थांबव."

बाई उठल्या. जाड हातमोजे चढवले, काचेच्या पेटीत औषध भरलं. हवालदाराच्या पुढच्या पायावरचे केस काढताना त्यांचा हात कापला नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, सिस्टरच्या आलं.

"दोन-तीन दिवस त्याच्या शूला नुसता हात लावायचा नाही," बाई वडिलांना म्हणाल्या. "हातमोजे घालून पुसायचं."

"हवालदाराच्या शूला हातमोजे," वडील म्हणाले. "साहेब झाले म्हणायचे आता."

सिस्टर हसली. मग बाईही, उशिरा.

रविवारी बाई जिना चढून आल्या तेव्हा आतूनच भुंकणं ऐकू आलं. जुनं, जाड, जिना हलवणारं. दारात त्यांची पिशवी तपासली गेली, कोपऱ्यान् कोपरा.

"हात," वडील म्हणाले.

बाईंनी दोन्ही तळवे वर करून दाखवले, शाळेत नखं दाखवतात तसे, आणि मग जबड्याखाली घातले. मऊ सैल कातडं. दाबून पाहिलं. खांद्यांपुढे. गुडघ्यांमागे.

"काही नाही?"

"आत्ता काही नाही."

वडिलांनी 'आत्ता' ऐकलं. ते खाली वाकले, पट्ट्याचं बक्कल सोडलं आणि दोन भोकं आत घेऊन लावलं. सैल केलेल्या भोकांशी चामड्यावर बक्कलाचे व्रण उठले होते. बाईंची नजर तिथे गेली. वडिलांचीही.

"चहा टाकतो."

"पाच मिनिटांनी, बाबा."

त्या सोफ्यावर टेकल्या. हवालदार येऊन त्यांच्या गुडघ्याशी बसला आणि त्याने हनुवटी त्यांच्या तळव्यात ठेवली. चहा झाला तेव्हा बाई तशाच, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं.

शेजारचे काका वर्तमानपत्र परत द्यायला आले. हवालदार जागचा हलला नाही. नुसता भुंकला, एकदाच, बसल्या जागेवरून.

"अरे वा, डॉक्टर आल्यात वाटतं!" काका मोठ्याने म्हणाले.

"हळू," वडील म्हणाले. "ड्युटीवर आहे ती."

"अहो, झोपल्यात की!"

"झोपली असेल. हात बघा."

काकांनी पाहिलं. त्यांना कळलं काही नाही. एक दमलेली बाई आणि तिच्या हातात एका कुत्र्याचं तोंड. पण तळवा वर होता, बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंना टेकलेली, आणि ती झोपेतसुद्धा हळूहळू हलत होती.