पंधरा मिनिटांचं खोटं

स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडच्या हेल्सी बेटावर विमान उतरायचं, तर धावपट्टीशेजारी आगीचा बंब घेऊन दोन माणसं उभी लागतात. नियमच आहे तसा. एकतीस वर्षं त्यातलं एक माणूस ओस्ला इस्बिस्टर. आधी धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकलायच्या, मग हेल्मेट चढवायचं, मग वाऱ्याच्या नावानं खडे फोडायचे. दुसरा माणूस तिचा नवरा मॅग्नी.

त्या वसंतात पलीकडच्या मोठ्या बेटावरून कॉलिन नावाचा साहेब आला. रोजचं विमान आठवड्यातून दोनदाच, सोमवारी आणि गुरुवारी, सोडायचा वरच्यांचा बेत होता. शाळेत सगळं बेट जमलं, म्हणजे एकोणतीस माणसं. हेल्सीवर खारवलेल्या मटणाचं सूप संपेपर्यंत कामाचं बोलत नाहीत. साहेबानं पहिल्याच घोटाला कागद काढला. तिथेच निम्मं बेट त्याच्यावर उलटलं.

"अंतर चव्वेचाळीस किलोमीटर, प्रवास पंधरा मिनिटं," साहेब म्हणाला. "इतक्या जवळ रोज विमान कशाला? आकडे बरोबर आहेत एवढीच धावपट्टीच्या प्रमुखाची सही हवी."

प्रमुख ओस्लाच. तिनं शांतपणे सूप संपवलं, चष्मा लावला, 'प्रवासाचा वेळ' यापुढचा पंधराचा आकडा खोडला आणि लिहिलं: पाच हजार सातशे साठ मिनिटं.

"बाई, हे काय?"

"चार दिवस होतात."

"अहो, विमान पंधरा मिनिटांत जातं!"

"विमान जातं हो. मी माणसाचं लिहिलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. ओस्ला हसली नाही. जानेवारीत तिची आई पलीकडच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती. सोमवारी धुकं, मग तीन दिवस वारा. रोज ओस्ला पिशवी भरून धावपट्टीवर उभी राहायची आणि रोज परत फिरायची. शुक्रवारी विमान आलं. आईनं तिला ओळखलं, संध्याकाळपर्यंत हात सोडला नाही. रात्री गेली.

"तुमचं सोमवार-गुरुवारचं विमान असतं, तर मी थेट मातीला पोचले असते," ओस्ला म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. "पंधरा मिनिटांच्या खोट्याखाली सही करणार नाही. वर कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. पुरतं सांगा."

"पण रकान्यात एकच आकडा चालतो, बाई. असं ज्याचं त्यानं लिहायला लागलं तर—"

मॅग्नी उठला. त्यानं बायकोच्या हातातलं पेन घेतलं, तिच्या आकड्याखाली सावकाश दोन शब्द लिहिले आणि परत जागेवर येऊन बसला. 'पोचलो नाही.' त्याचा भाऊ पलीकडच्या दवाखान्यात गेला, तेव्हा मॅग्नी इथेच विमानाची वाट बघत अडकला होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

ओस्लानं कागद उचलून साहेबापुढे धरला.

"याची मिनिटं किती होतात, साहेब? तुम्हीच लिहा."