फुटका ठरलेला खोका

औषधांच्या गोदामात मावशींचं काम एकच. ट्रकमधून खोका उतरला की त्यावर स्कॅनर धरायचा आणि ‘आला’ हे बटण दाबायचं. एका सकाळी गप्पांच्या नादात बोट शेजारच्या बटणावर पडलं. माणसाचं बोट ते, घसरायचंच! इन्सुलिनचा धडधाकट खोका ‘फुटका’ ठरला.

“खोडता नाही का येणार?” त्यांनी साहेबांना विचारलं.

“नाही मावशी. ही ब्लॉकचेन आहे. नोंद कारखाना, ट्रकवाला, आपण, दुकानदार, सगळ्यांकडे एकदम पडते. एकट्याला खाडाखोड करता येत नाही. कारखान्याचा माणूस खोका बघून जाईल, मग खाली दुरुस्ती जोडायची.”

म्हणजे अब्रूचे धिंडवडे चार ठिकाणी! खोका कुलूपबंद थंड कपाटात गेला, किल्ली मावशींच्या पर्समध्ये आली, आणि हमालांना आयताच विषय मिळाला. “मावशी, आज काय फोडलंत?” असं जो तो विचारू लागला.

त्याच आठवड्यात घरी काकांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, इन्सुलिन संपलं. काम सुटल्यावर मावशी औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने डबी स्कॅन केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काकू, ही ज्या खोक्यातली आहे, तो गोदामात फुटका म्हणून अडवलाय.”

नवऱ्याच्या औषधाला आडवं आलं कोण, तर आपलंच बोट!

“अहो, तो घोळ माझाच. औषध चांगलं आहे, द्या तुम्ही,” त्या गयावया करू लागल्या. दुकानदार भला माणूस, विरघळला. डबी पिशवीत पडलीसुद्धा. पैसे काढायला मावशींनी पर्समध्ये हात घातला, तर हाताला किल्ली लागली.

खोका तर कुलपात होता. दुपारीच त्यांनी पाहिला होता, वरची चिकटपट्टीही न निघालेला. मग त्यातली डबी इथे चालत आली की काय?

“ठेवा ती खाली,” मावशी म्हणाल्या. “हा आमचा माल नाही. कुणीतरी नंबर चोरून छापलाय.”

स्वस्तात मिळतोय म्हणून परक्याकडून घेतलेला अख्खा गठ्ठा दुकानदाराने बाजूला काढला आणि नेहमीच्या मालातली डबी स्कॅन केली. कारखान्यापासून दुकानापर्यंतची तिची वाट सरळ दिसली, तेव्हा कुठे दोघांच्या जिवात जीव आला. बोट चुकलं नसतं तर खोका पुढे गेला असता, आणि तोच नंबर लावलेली बनावट डबी बिनबोभाट खपली असती.

घरी सुई घेताना काका नेहमीसारखे करवादले, “किती टोचतं गं हे!”

“टोचू दे,” मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसत हसत सुटल्या. त्यांची कुरकुर ऐकून मावशींना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.