शूटिंगबाईंचा चिक्कीचा तास

शूटिंगबाई कुठल्याही तासाचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघायच्या. आपण जीव तोडून भागाकार शिकवलेला असावा, घसा बसलेला असावा, आणि बाईंनी पहिल्यांदा आपला आवाजच घालवून टाकावा, याचा मला सुरुवातीला फार राग यायचा. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय बोललात ते तुम्हाला पाठ आहे. पोरं काय करत होती ते बघू या." मग शाळेच्या टीव्हीवर मी मुक्याने हातवारे करताना दिसू लागले, आणि माझी निम्मी चौथी खिडकीतून बाहेरची म्हैस बघताना. मला तर तो तास भलताच रंगला असं वाटलं होतं.

बाई लोणावळ्याच्या. मावळातल्या शाळांमध्ये गणित शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना मदत करणं हे त्यांचं काम. कामशेतहून मिळेल त्या गाडीने त्या आमच्या वडिवळ्याच्या शाळेत यायच्या, मोबाईल स्टँडवर लावायच्या आणि कोपऱ्यात बसायच्या. भुशी धरणाकडे सिनेमावाले शूटिंगला येतात हे आमच्या पोरांना माहीत, त्यामुळे बाईंचं बारसं पोरांनीच केलं. दुसऱ्या खेपेला अर्धा वर्ग पावडर लावून आला. एक मावशी तर दारातून म्हणाली, "बाई, माजं पोरगं लय मागं बसतंय, त्याला जरा म्होरं घ्या." बाईंनी तिला समजावत बसण्याऐवजी पोराला खरंच पुढे घेतलं.

दुसरी त्यांची सवय पाण्याच्या बाटलीची. आम्ही प्रश्न विचारतो आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच देऊन टाकतो, हे त्यांनी आम्हाला आमच्याच व्हिडिओत दाखवलं होतं. त्यावर त्यांचा उपाय सोपा होता. "प्रश्न विचारला की एक घोट पाणी प्यायचं. तोंडात पाणी असलं की माणूस गप्प बसतो." पुढे आमच्या भागातले शिक्षक इतकं पाणी प्यायला लागले की मधल्या सुट्टीची आम्हीच मुलांपेक्षा आतुरतेने वाट बघायचो.

व्हिडिओ काढून झाला की त्या मोबाईल आपल्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "ठेवायचा की पुसायचा?" ठेवला तर तो आपल्या मोबाईलवर घ्यायचा आणि वाटलं तरच आम्हा गणित शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत दाखवायचा. नवलाख उंबरे गावच्या शाळेतले गुरुजी आमच्यात सगळ्यांत जुने. "मी काय नट हाय व्हय?" म्हणून त्यांनी बाईंना बरेच दिवस टाळलं आणि शेवटी तयार झाले ते आदल्या दिवशी वर्गाकडून सगळी उत्तरं घोटून घेऊन. ऐन तासात गुरुजी मधलं एक उदाहरण विसरले. पोरं मात्र क्रम विसरली नाहीत. तिथून पुढे प्रत्येक प्रश्नाला वर्ग मोठ्या आत्मविश्वासाने आधीच्या प्रश्नाचं उत्तर देत गेला. बाई एवढंच म्हणाल्या, "पोरांची स्मरणशक्ती चांगली आहे." गुरुजींनी व्हिडिओ पुसला. ही हकीकत आम्हाला पुढे खुद्द गुरुजींनीच सांगितली, बाईंनी कधीच नाही.

मग एक दिवस वरून निरोप आला की सगळ्या तासांचे व्हिडिओ कार्यालयात पाठवा, त्यावर शिक्षकांचं मूल्यमापन होईल. झालं. त्या महिन्याच्या बैठकीत एकानेही व्हिडिओ आणला नाही. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पर उद्या ह्येच आमच्या गळ्यात येणार." बाईंचा चेहरा उतरला. माझाही उतरला असेल, कारण बारा वर्षं एकटीने गणित शिकवल्यावर मला पहिल्यांदाच चुकांबद्दल मोकळेपणाने बोलायला माणसं मिळाली होती. ती जागा आता जाणार, हे मला सहन होत नव्हतं.

बाई थोडा वेळ बाटलीशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "मी शिकवते. तुम्ही शूटिंग करा."

तास माझ्याच चौथीवर ठरला. मोबाईल गुरुजींच्या हातात, आम्ही सगळे मागे भिंतीला टेकून. विषय अपूर्णांक. बाईंनी लोणावळ्याहून चिक्कीची अख्खी वडी आणली होती, तिचे चार समान भाग करून पाव दाखवायचा बेत होता. आता चिक्की कधी कुणाच्या सांगण्यावरून समान तुटली आहे का? एक तुकडा तळहाताएवढा, दुसरा बोटभर, उरलेला चुरा. वर्ग चुऱ्याकडे टक लावून बसला. वरच्या वाडीवरची मनीषा बोटभर तुकडा हातात घेऊन म्हणाली, "बाई, ह्यो पाव न्हाई. समान न्हाई झालं." बाई घामाघूम झाल्या होत्या. "समजा, समान आहेत," म्हणाल्या आणि पुढे बोलतच सुटल्या. पाण्याची बाटली टेबलावर झाकणासकट तशीच राहिली.

लगेच टीव्हीवर तो तास लागला, अर्थातच आवाज बंद करून. मनीषा बोलते, बाई हात हलवून तिला थांबवतात, मनीषा तुकडा मुकाट्याने परत ठेवते आणि मान खाली घालते, हे सगळं लख्ख दिसलं.  बाईच म्हणाल्या, "ही बाई कुणाचं ऐकत नाही हो. सगळा अपूर्णांक त्या पोरीला कळला होता आणि हिने तिला गप्प केलं." मग चिक्की फुटते तो क्षण त्यांनी परत लावला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आम्हीही हसलो. हसू ओसरल्यावर गुरुजी म्हणाले, "पुढल्या महिन्यात माजा लावा. घोटून न घेता."

चार दिवसांनी बाई पुन्हा वडिवळ्याला आल्या. मोबाईल नाही, स्टँड नाही. सरळ मनीषाजवळ जाऊन बसल्या. "त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी चुकले."

"मला ठावं व्हतं," मनीषा म्हणाली.

"मग परत बोलली का नाहीस?"

"तुमी लय घाईत व्हता."

बाईंनी मान डोलावली. मी फळा पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली, कारण माझे डोळे भरून आले होते. एवढं अंतर येऊन चौथीतल्या पोरीला कुणी असं सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. बाईंवर माझा जीव जडला तो त्या दिवशी.

कार्यालयाला त्यांनी कळवलं की शिक्षकांचे व्हिडिओ शिक्षकांकडे आहेत, माझ्याकडे फक्त एकच आहे, माझा. आणि तो पाठवून दिला. मूल्यमापनाचा विषय त्यानंतर पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नागपूरला गेल्या. आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण बैठक चालू आहे. या जूनमध्ये एक नवा शिक्षक आला. "माझा नको," म्हणून कोपऱ्यात बसला. आम्ही त्याला बाई आमच्याकडे ठेवून गेलेला चिक्कीचा तास लावून दिला आणि बाईंनी तो कार्यालयात धाडल्याचंही सांगितलं. तो पोट धरून हसला, मग दबक्या आवाजात म्हणाला, "हा कार्यालयात गेला होता? मग बाईंवर कारवाई नाही झाली?"

"झाली की," गुरुजी म्हणाले. "रिटायर होईपर्यंत दर महिन्याला आमचे तास बघावे लागले तिला."

 नव्या शिक्षकाने खिशातून आपला मोबाईल काढला आणि टीव्हीला जोडायची वायर मागितली.