शालन आत्या, हौसाबाई आणि संपातला फोटो

कोल्हापूरला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. तिथल्या सूतगिरणी कामगारांच्या संग्रहातला, जुन्या संपातल्या बायकांचा फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकला होता. त्यात चक्क माझी शालन आत्या, मूठ वर करून! आत्या आता पुण्यात आमच्याकडेच असते. फोटो बघून म्हणाली, चल, जाऊन येऊ.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे कोल्हापुरात उतरताच मिसळीवर मनसोक्त ताव मारला.

संग्रह युनियनच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर आहे. जाणार असाल तर आधी फोन करा, दुपारीच उघडतात. प्रवेश मोफत, जिना मात्र जीव काढणारा. आत विटलेले लाल झेंडे, हातानं रंगवलेले फलक, भिंतभर फोटो आणि कामगारांच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या आठवणी. हे सगळं सांभाळणाऱ्या संगीताताईंना आत्याने फोटोतल्या बायका ओळखून दिल्या. स्वतःच्या शेजारच्या बाईवरून मात्र तिचं बोट तसंच पुढे सरकलं.

या हौसाबाई, असं ताईच म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉपवर हौसाबाईंची आठवण लावली. संपात नवरा आजारी पडला, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या मुकाट्याने कामावर परत गेल्या होत्या. "गेटावर शालन हुती. माझी जिवाची मैत्रीण. तिनं नुसतं तोंड फिरवलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

आत्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. नवऱ्याच्या आजाराचं तिला ठाऊकच नव्हतं.

"आता कुठं असती ही?"

हुपरीला, लेकाकडे, ताई म्हणाल्या. आमचा रंकाळ्याचा बेत तिथंच बारगळला. हुपरीला बस सहज मिळते. गावात घरोघरी चांदीचं काम चालतं. हौसाबाई दारातच पैंजणाला घुंगरू जोडत बसल्या होत्या. चष्म्यावरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

आत्या म्हणाली, "मला सांगायचं हुतंस की, हौसा."

"तू थांबलीस कुठं?"

आत्या चप्पल काढून शेजारी बसली. हौसाबाईंनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा आत्याने मला एकटीलाच जायला सांगितलं.

येताना मी त्याच घरातून पैंजण घेतले. छान आहेत, पण कोल्हापूर म्हटलं की मला आठवतात त्या दोघी, एकमेकींकडे न बघता शेजारी बसलेल्या.

आत्या आठवड्याने परतली. मी विचारलं, एवढे दिवस बोलत काय होतात?

म्हणाली, "अजून संपापर्यंत पोचलोच न्हाय."