आळशीचे आंबे

पावस गावच्या आमच्या बागेतल्या प्रत्येक कलमाला बाबांनी नाव ठेवलं होतं. दगडी गडग्यावरून शेजाऱ्याच्या बागेत फांद्या घालणारं ते भांडखोर, सगळ्यांच्या शेवटी तयार होणारं ते आळशी. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून, त्यांच्या मानेला मिठी मारून मी ती नावं पाठ केली. त्या मानेला घामाचा आणि आंब्याच्या चिकाचा वास यायचा. तो आठवला की अजून जीव कासावीस होतो.

त्याच मानेने पुढे आम्हाला घोर लावला. एका एप्रिलात आंबे काढताना जाळीच्या झेल्याची काठी बाबांच्या उजव्या हातातून सुटली. आळशीकडे बघून ते काहीतरी सांगू लागले, तोंड हललं, पण शब्दच येईना. आई म्हणाली, मान वर करून उन्हात उभे राहिले, ऊन बाधलं. कोकम सरबत पाजून तिने त्यांना ओटीवर निजवलं. थोड्या वेळाने बाबा नीट बोलायला लागले आणि सगळं श्रेय सरबताला गेलं. आठवड्याने पुन्हा तेच, पुन्हा सरबत. आंब्याच्या दिवसांत आजारी पडायला आमच्याकडे सवड कोणाला?

तिसऱ्या वेळी मात्र मी ऐकलं नाही. रत्नागिरीला नेलं, मानेची सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, डावीकडची धमनी चरबी साचून अरुंद झालीय. तिथून सुटलेला कण मेंदूत अडकतो तेव्हा वाचा जाते, विरघळला की परत येते. एखादा विरघळला नाही तर येणार नाही. ऑपरेशन लवकर करायला हवं, आणि त्यातही धोका होताच.

बाबा अडून बसले, आंबा उतरल्याशिवाय नाही. आई एवढंच म्हणाली, "आंबे पुढच्या वर्षी येतील. तुमची वाचा गेली तर मी भांडू कोणाशी?"

बाबा मुकाट्याने कोल्हापूरला आले. ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा डॉक्टरांनी पेन दाखवून विचारलं, हे काय? बाबा नुसते बघत राहिले. आईने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, संपलं सगळं.

बाबांनी सावकाश माझ्याकडे नजर वळवली. "पेन राहू दे. आळशी उतरवलंस काय?"

त्यानंतर बाबा काही वर्षं भरपूर बोलले, भांडले, आणि एका पहाटे झोपेतच गेले. आई अजून मेअखेर आळशीखाली खुर्ची टाकून बसते आणि उशीर करतं म्हणून त्या कलमाशी भांडते.