खालच्या आळीतलं व्याकरण

लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून विमान पकडून मी मुलीकडे चार दिवस राहायला गेले, तेव्हा माझ्या डोक्यात इटलीतलं वरचं बेर्गामो होतं. टेकडीवरचं, तटबंदीच्या आतलं, ज्याचे फोटो लंडनमधल्या आमच्या पिनरच्या मैत्रिणींनी मी निघायच्या आधीच मला पाठवून ठेवले होते. मुलगी राहते खाली. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी होती, तसंच हे. फक्त इथे खालच्या आळीचं अख्खं शहर झालंय. स्टेशन, बसेस, काचेची ऑफिसं, मोबाइलची दुकानं, उंच इमारती आणि बाल्कन्यांत वाळत घातलेल्या चादरी. बसमधून उतरल्यावर मला वाटलं, हे तर आमच्या पिनरला लागून असलेलं हॅरोच, फक्त ऊन जरा जास्त आहे.

तिथेच मला पहिल्यांदा लागलं. वरच्या दगडी गल्ल्यांनी माझी मुलगी ओढून नेली असती तर मी समजू शकले असते. पण ज्या हॅरोला ती ‘सो बोअरिंग’ म्हणत सोडून गेली, तसल्याच गावात ही इतकी खूश? फळवाल्याशी थांबून बोलत होती, फार्मसीतल्या बाईची चौकशी करत होती. माझा फोन आला की हिला नेहमी मीटिंग असते.

ती तिथे एका बाईंच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहते. बाई सत्तरीच्या, एकट्या, केस लालसर रंगवलेले, कानात मोती. मुलगी त्यांना सिन्योरा म्हणते. पहिल्या संध्याकाळी त्यांनी पोलेंता केला होता, म्हणजे आपली मक्याच्या पिठाची उकड, वर चीज. मुलीने ताटलीसाठी हात पुढे केला आणि काहीतरी म्हणाली. सिन्योरांनी ताटली मागे घेतली. मुलीने पुन्हा म्हटलं. ताटली तशीच हवेत. मग केव्हातरी बरोबर आलं असावं, कारण ताटली टेबलावर आली आणि दोघी खदखदून हसल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“जेंडर, मम. पोलेंता इज फेमिनिन. मी मॅस्क्युलिन बोलले. शी वोन्ट फीड मी टिल आय गेट इट राइट.”

मी अजून एक घासही घेतला नव्हता, तरी माझ्या पोटात दुखायला लागलं. हीच ती मुलगी, जिला मी दर शनिवारी मराठीच्या वर्गाला ओढत नेत असे. ‘ती चहा’, ‘तो खुर्ची’, ‘माझा बांगडी’. मी नुसतं ‘तो चहा’ म्हटलं की हिचं तोंड एवढंसं व्हायचं, “यू नो व्हॉट आय मीन,” आणि शाळा संपायच्या आधीच हिने मराठी बोलणं टाकून दिलं. कळतं सगळं, बोलत नाही. आता खुर्चीला बाई मानायला हिला इटलीत जमतंय. तेही एका परक्या बाईच्या हाताखाली, हसत हसत.

पुढचे दिवस मी त्या बाईंवर जळत काढले. त्यांची कॉफी मला कडू लागली, त्यांचं मांजर आगाऊ वाटलं, त्यांचं मोठ्याने बोलणं डोक्यात जायला लागलं. एका सकाळी मी पिनरहून नेलेल्या पोह्यांचे कांदेपोहे केले, वर भरपूर खोबरं. मुलीला घरची चव आठवावी, हा उघड डाव होता. सिन्योरांनी दोनदा मागून घेतले आणि कृती विचारली. मुलगीच सांगत बसली, इटालियनमध्ये.

रविवारी वर जायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी सिन्योरांकडे जेवण, आणि ते जेवण संपेचना. खिडकीतून वरचे घुमट आणि मनोरे दिसत होते.

“आपण जाणार कधी?”

“इन अ बिट, मम.”

पुन्हा दोघींचं सुरू. मी मध्ये बसून पाव कुस्करत होते. मला घुमट नको होते, मनोरेही नको होते. मला माझ्या मुलीच्या तोंडून मराठी हवी होती, कितीतरी वर्षं हवी होती, आणि त्यासाठी तिने जी चिकाटी दाखवायला हवी होती ती सगळी या बाईंच्या टेबलावर खर्च होत होती. माझ्या मनात इतका हेवा कधी कुणी जागा केला नव्हता.

तेवढ्यात सिन्योरांनी माझ्याकडे बोट करून मुलीला काहीतरी विचारलं. तिने दोन वाक्यांत उत्तर दिलं.

“काय विचारतायत?”

“नथिंग.”

“माझ्याकडे बोट दाखवून नथिंग?”

“शी वॉज आस्किंग, मी तुझ्याशी इंग्लिश का बोलते. तू आई आहेस, तर.”

“मग तू काय सांगितलंस?”

तिने ताटलीकडे बघितलं. मग मराठीत, एकेक शब्द वेचत म्हणाली, “मी सांगितलं, आईसमोर माझा चूक होतो. मग मला लाज वाटते.”

“माझी चूक,” मी म्हटलं.

तोंडातून गेलंच. चूक स्त्रीलिंगी, एवढंच मला सांगायचं होतं. पण मुलीने चटकन मान वर केली, आणि तिचे डोळे भरून आले. ती सिन्योरांकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलली. सिन्योरांनी हात लांब करून माझ्या हातावर ठेवला. तो हात मला तेव्हाही नकोच होता.

“काय सांगितलंस त्यांना?”

“की तू म्हणालीस, तुझा चूक होता.”

या वाक्यात दोन चुका होत्या. मी एकही सुधारली नाही.